डिस्कची वांटणी आणि अडलेला लिनक्स

संगणकाची कळ दाबावी, आणि रोजच्या ओळखीच्या चित्राऐवजीं काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या पांचसात ओळी उमटून यंत्र तेथेंच थबकावें, असा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना त्या वेळची मनःस्थिति सांगावयास नको. आदल्या रात्रीं जागा अपुरी पडते म्हणून डिस्कचें एक पार्टिशन लहान करून दुसरें मोठें केलेलें असतें. काम यथासांग पार पडलें असें यंत्रानें स्वतःच सांगितलेलें असतें. आणि सकाळीं पाहावें तों मुलाचा प्रबंध, वडिलांनीं हौसेनें लिहून ठेवलेल्या आठवणी, दहा वर्षांचीं छायाचित्रें, असें सारें त्या काळ्या पडद्यापलीकडे अडकून पडलेलें! लिनक्सवर चालणारा संगणक असा सुरू होतां होतां अडला म्हणजे त्याचा अर्थ काय लावावा, पुढच्या घटकाभरांत काय करावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. कारण अशा प्रसंगीं माहिती नष्ट होते ती बहुधा यंत्र अडल्यामुळें नव्हे, तर अडलेलें यंत्र कसेंही करून चालू करण्याच्या घाईमुळें, असें माझें स्पष्ट मत आहे.

डिस्कचे भाग पाडणें म्हणजे आंत कोठें भिंती घालणें नव्हे. पार्टिशन ही केवळ एक लेखी नोंद असते. १९८३ सालीं पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर जी पद्धति रूढ झाली, तींत डिस्कच्या अगदीं पहिल्या सेक्टरमध्यें, म्हणजे ५१२ बाइटांच्या एका चिमुकल्या पानावर, ही नोंद असते. तिच्या वांट्याला त्यांतले अवघे ६४ बाइट येतात. चार पार्टिशनें, आणि प्रत्येकास १६ बाइट. कोणतें पार्टिशन कितव्या सेक्टरपासून सुरू होतें आणि किती सेक्टर लांब आहे, हा त्यांतला मुख्य मजकूर. पुढें आलेल्या जी-पी-टी पद्धतींत हा तक्ता पुष्कळ ऐसपैस झाला आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं ठेवण्याची सोय झाली. पण स्वरूप तेंच राहिलें.

दुसरी नोंद पार्टिशनच्या पोटांत असते. फाइली जिच्या आधारानें ठेवल्या जातात ती फाइल-व्यवस्था आपला हिशेब स्वतंत्र लिहिते. लिनक्सवर आज सर्रास आढळणारी ई-एक्स-टी-फोर ही फाइल-व्यवस्था घ्या. पार्टिशनच्या आरंभापासून १०२४ बाइट सोडून तिचा सुपरब्लॉक असतो, आणि ‘मी अमुक इतक्या ब्लॉकांची आहे’ असें तींत नमूद असतें. एक ब्लॉक बहुधा ४०९६ बाइटांचा, म्हणजे आठ सेक्टरांचा असतो.

आतां गंमत, किंवा दुर्दैव, असें कीं हीं दोन दप्तरें एकमेकांस ओळखत नाहींत. तलाठ्याच्या दप्तरांत जमिनीचें क्षेत्र एक असावें आणि घरमालकाच्या वहींत दुसरेंच असावें, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसावा, तसा हा प्रकार आहे. तक्ता बदलणाऱ्या आज्ञेला आंतल्या फाइलींची खबर नसते, आणि फाइल-व्यवस्था लहानमोठी करणारी आज्ञा तक्त्याला हात लावीत नाहीं. कांहीं सोयीस्कर साधनें हीं दोन्ही कामें एका दमांत करतात, पण तींही आंतून दोन निरनिराळ्या आज्ञाच चालवीत असतात. मध्येंच वीज गेली तर एक काम झालेलें आणि एक राहिलेलें, अशी स्थिति होते.

हा विसंवाद सकाळींच कां उघडकीस येतो? संगणक सुरू होतांना प्रथम मूळ यंत्रांत कायमचा बसविलेला लहानसा कार्यक्रम जागा होतो; तो लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, स्मृतींत आणतो; कर्नल वांटणीचा तक्ता वाचतो, मूळ पार्टिशन कोणतें तें शोधतो, आणि मग त्यांतला सुपरब्लॉक उघडतो. दोन्ही दप्तरें शेजारीं शेजारीं मांडून पाहणारा पहिला गृहस्थ हा. त्याला मेळ दिसला नाहीं कीं तो पुढें जाण्याचें नाकारतो. हें नाकारणें म्हणजे बिघाड नव्हे. तो त्याचा प्रामाणिकपणा आहे.

आधीं पार्टिशन वाढविण्याचें पाहूं. तें त्यांतल्या त्यांत निर्धोक. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं इंग्लंडांतील केंब्रिजच्या मंडळींनीं रास्पबेरी पाय नांवाचा पत्त्याएवढा संगणक ३५ डॉलरांना विक्रीस आणला. आज तो आपल्याकडेही हौशी घरांतून आणि शाळांतून दिसतो. त्याला डिस्क नसते. नखाएवढ्या कार्डावर त्याचा संसार चालतो. लिनक्सचा एक तयार नमुना त्या कार्डावर जसाच्या तसा उतरवून घ्यावयाचा असतो. नमुना कांहीं थोड्या गिगाबाइटांचा आणि कार्ड बत्तीस किंवा चौसष्ट गिगाबाइटांचें. तेव्हां उरलेली जागा वापरांत यावी म्हणून पहिल्याच वेळीं सुरू होतांना हा संगणक आपलें पार्टिशन आपणच वाढवितो. कित्येक वर्षें रूढ असलेला क्रम असा: पहिल्या खेपेस तक्त्यांतली नोंद कार्डाच्या शेवटापर्यंत लांबवावयाची, यंत्र पुन्हां सुरू करावयाचें, आणि दुसऱ्या खेपेस फाइल-व्यवस्था त्या नव्या हद्दीपर्यंत पसरावयाची. आधीं जमीन, मग घर. मध्यें पुन्हां सुरू करण्याचें कारण असें कीं कर्नल तक्ता एकदां वाचून आपल्या स्मृतींत ठेवतो. कागदावर नोंद बदलली तरी त्याच्या डोक्यांत जुनाच आकडा असतो, आणि वापरांत असलेल्या डिस्कचा तक्ता पुन्हां वाच म्हटलें कीं ‘डिस्क कामांत आहे’ असें उत्तर तो देतो. चालू पार्टिशनची लांबी जागच्या जागीं बदलून घेण्याची सोय कर्नलांत २०१२ सालीं, ३.६ या आवृत्तींत आली. तोंपर्यंत भाड्यानें घेतलेल्या दूरच्या सर्व्हरांवरही हें काम मूळ पार्टिशन उघडण्यापूर्वींच, सुरू होण्याच्या पहिल्या कांहीं क्षणांत, उरकून घ्यावें लागे.

वाढवितांना काम अर्धवट राहिलें, म्हणजे तक्ता वाढला पण फाइल-व्यवस्था वाढली नाहीं, तर घाबरण्याजोगें कांहींच नाहीं. मोठ्या अंगणांत लहान घर, इतकेंच. यंत्र बिनतक्रार सुरू होतें. फक्त जागा पूर्वींइतकीच दिसते. रिसाइझ-टू-एफ-एस ही आज्ञा पार्टिशनचें नांव सांगून, पण कोणताही आकडा न सांगतां दिली, कीं ई-एक्स-टी-फोर चालू स्थितींतच हद्दीपर्यंत पसरते. रेड हॅटच्या लिनक्सनें २०१४ सालच्या सातव्या आवृत्तीपासून एक्स-एफ-एस ही फाइल-व्यवस्था मूळची म्हणून स्वीकारली आहे. तिच्यासाठीं आज्ञा निराळी, एक्स-एफ-एस-ग्रोएफ-एस ही. आणि ती व्यवस्था वाढते, पण व्यवहारांत आकसत नाहीं असेंच धरून चालावें. जी-पी-टीची डिस्क मोठी केली तर तक्त्याची दुसरी प्रत पूर्वींच्या शेवटीं, म्हणजे आतां मध्येंच कोठें तरी, राहून जाते, आणि कर्नल त्याबद्दल कुरकूर करतो. ती प्रत शेवटीं हलविण्याची आज्ञा दिली कीं कुरकूर थांबते. ही तक्रार पाहून डिस्क खराब झाली असें समजणारे पुष्कळ भेटतात. त्यांत तथ्य नाहीं.

वाढीच्या वेळीं खरी अडचण येते ती बहुधा आकाराची नसते, नांवाची असते. रास्पबेरी पायच्या कार्डावर मूळ पार्टिशनची ओळख एका आठ अक्षरी क्रमांकानें पटविली जाते. तो क्रमांक पहिल्याच सेक्टरमध्यें, तक्त्याच्या किंचित् अलीकडे, लिहिलेला असतो. त्यापुढें आडवी रेघ आणि पार्टिशनचा अनुक्रम, म्हणजे बहुधा शून्य दोन. एकाच नमुन्यावरून उतरविलेलीं दोन कार्डें जुळीं ठरूं नयेत म्हणून पहिल्या खेपेस तो क्रमांकही बदलला जातो, आणि जेथें जेथें जुना क्रमांक लिहिलेला असेल तेथें तेथें नवा घातला जातो. या खटाटोपांत वीज गेली, किंवा कोणी उतावळेपणानें कार्ड ओढलें, तर तक्त्यांत एक नांव आणि हुकुमांत दुसरें, अशी अवस्था होते. मग पडद्यावर ‘अमुक क्रमांकाच्या मूळ पार्टिशनची वाट पाहत आहे’ अशी ओळ येते, आणि ती वाट तें यंत्र खरोखरच अनंत काळ पाहत बसतें. कारण कार्ड जागें होण्यास वेळ लागतो म्हणून वाट पाहण्याचा हुकूम त्याला मुद्दामच दिलेला असतो. कार्ड काढून लिनक्सच्या दुसऱ्या संगणकांत घालावें, बी-एल-के-आय-डी या आज्ञेनें खरा क्रमांक पाहावा, आणि तो दोन ठिकाणीं दुरुस्त करावा: सीएमडीलाइन नांवाच्या एकोळी फाइलींत, आणि एफ-एस-टॅब नांवाच्या यादींत. ही सीएमडीलाइन फाइल एकाच ओळीची राहिली पाहिजे. सुवाच्य दिसावी म्हणून कोणी ती दोन ओळींत मोडली, तर पुढचा मजकूर वाचलाच जात नाहीं.

घरच्या मोठ्या संगणकावर याचाच एक भाऊबंद आढळतो. मूळ पार्टिशन वाढवावयाचें, पण त्याला लागूनच स्वॅपचें पार्टिशन बसलेलें. मग तें पुसून दुसरीकडे नवें करतात. नव्या स्वॅपला नवें ओळखचिन्ह मिळतें आणि एफ-एस-टॅबमध्यें जुनेंच राहतें. यंत्र सुरू होतें, पण दीड मिनिट एक लाल तारांकन पडद्यावर येरझारा घालीत राहतें. दीड मिनिटानें हट्ट सोडून यंत्र पुढें गेलें तर रुसवा फक्त स्वॅपचा होता असें समजावें आणि यादींतली एक ओळ सुधारावी.

आतां पार्टिशन लहान करण्याकडे वळूं. खरें संकट येथें आहे. येथें क्रम उलटा. आधीं घर आकसावयाचें, मग जमीन. ई-एक्स-टी-फोर आकसावयाची तर ती वापरांत असून चालत नाहीं. म्हणून मूळ पार्टिशन लहान करतांना संगणक दुसऱ्याच एखाद्या लिनक्सवर, बहुधा यू-एस-बीच्या कांडीवरून, सुरू करावा लागतो. क्रम ज्यांना ठाऊक असतो तेही येथें फसतात, आणि त्याचें कारण मापाच्या नांवांत आहे. पूर्वीं बाजारांत कच्चा शेर आणि पक्का शेर अशीं दोन मापें असत, तसे गिगाबाइटही दोन आहेत. एक शंभर कोटी बाइटांचा, आणि दुसरा १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा. या दुसऱ्यास गिबिबाइट म्हणावें असा निर्णय आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगानें १९९८ सालीं दिला. पण सवयी निर्णयानें बदलत नसतात. रिसाइझ-टू-एफ-एसला ‘१०० जी’ म्हटलें तर ती मोठ्या मापानें मोजते. तक्ता बदलणाऱ्या पार्टेड या साधनाला ‘१०० जीबी’ म्हटलें तर तें लहान मापानें मोजतें.

हिशेब करून पाहूं. मोठ्या मापानें शंभर म्हणजे ४०९६ बाइटांचे २,६२,१४,४०० ब्लॉक. लहान मापानें शंभर म्हणजे २,४४,१४,०६२ ब्लॉक. दोहोंतला फरक १८,००,३३८ ब्लॉकांचा, म्हणजे सुमारें ७३७ कोटी बाइटांचा. घर २,६२,१४,४०० ब्लॉकांचें आणि जमीन २,४४,१४,०६२ ब्लॉकांची! माणसानें दोन्ही वेळां शंभरच म्हटलें होतें. सकाळीं कर्नल हेच दोन आकडे शेजारीं लिहून दाखवितो: मोजमाप चुकीचें आहे, ब्लॉकांची संख्या पार्टिशनच्या आकारापेक्षां जास्त आहे. ही ओळ ज्यानें शांतपणें वाचली त्याला निदान आणि उपाय एकाच ठिकाणीं मिळाले. दुर्दैवानें ती वाचली जात नाहीं. तिच्याखालची ओळ वाचली जाते, आणि ती सांगते कीं फाइल-व्यवस्थेची तपासणी स्वहस्तें चालवा.

येथें यंत्राचा सल्लाच घात करूं शकतो. तपासणीची आज्ञा, ई-टू-एफ-एस-सी-के, सुरू होतांच तेंच सांगते: सुपरब्लॉकप्रमाणें आकार इतका, प्रत्यक्ष जागा इतकी, दोहोंपैकीं एक दप्तर चुकलेलें दिसतें. आणि विचारते, ‘काम सोडून देऊं?’ या प्रश्नाला ‘होय’ हेंच उत्तर द्यावयाचें. पण दुरुस्तीच्या आशेनें बसलेल्या माणसाला ‘सोडून दे’ म्हणवत नाहीं; तो ‘नाहीं’ म्हणतो. मग ती आज्ञा हद्दीबाहेरचे ब्लॉक वाचावयास जाते, ते मिळत नाहींत, आणि त्यांच्याशीं निगडित नोंदी दुरुस्त करूं का, पुसूं का, असें एकामागून एक विचारूं लागते. प्रत्येक ‘होय’बरोबर एखाद्या शाबूत फाइलीचें नांवनिशाण जाण्याचा संभव असतो. कोणी सुचवितात कीं सुपरब्लॉकच्या राखीव प्रती असतात, बत्तीस हजार सातशें अडुसष्टाव्या ब्लॉकवरची प्रत वापरून पाहा. हा सल्ला इतर रोगांवर रामबाण आहे, येथें निरुपयोगी. सुपरब्लॉक बिघडलेलाच नाहीं, आणि त्याच्या प्रतींतही तोच आकडा आहे. सुपरब्लॉकमधला आकडाच खोडून लहान करावा, असें सांगणारेही निघतात. त्यांच्यापासून तर दूरच राहिलेलें बरें.

मग करावयाचें काय? ते ७३७ कोटी बाइट कोठेंही गेलेले नाहींत. तक्त्यांतला एक आकडा बदलला एवढेंच. डिस्कवर ते होते तेथेंच आहेत. कांडीवरून दुसरें लिनक्स सुरू करावें आणि पार्टिशनचा शेवट पुन्हां पुढें ढकलावा. पार्टिशनच्या आरंभापासून निदान २०,९७,१५,२०० सेक्टर, म्हणजे ब्लॉकांची संख्या गुणिले आठ, इतकी लांबी झाली पाहिजे. थोडी अधिक झाली तर बिघडत नाहीं. आरंभ मात्र एका सेक्टरनेंही हलतां कामा नये. पार्टेडची शेवट बदलण्याची आज्ञा या कामीं सर्वांत सरळ. एफ-डिस्कमध्यें नोंद पुसून त्याच आरंभापासून पुन्हां लिहिली, तर तें साधन विचारतें कीं येथें ई-एक्स-टी-फोरची खूण आहे, ती काढून टाकूं का? तेथें निक्षून ‘नाहीं’ म्हणावें. आणि आकडे लिहितांना गिगाबाइट हा शब्द तोंडीं येऊंच देऊं नये, सेक्टरांत मोजावें. सेक्टराला कच्चें-पक्कें नाहीं.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. मोकळ्या झालेल्या जागेंत रात्रींच नवें पार्टिशन करून तें वापरासाठीं सिद्धही केलें असेल, तर त्या नव्या फाइल-व्यवस्थेचा आरंभ नेमका त्या ७३७ कोटी बाइटांवरच लिहिला गेलेला असतो. अशा वेळीं डिस्कवर कांहींही न लिहितां प्रथम तिची संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी, आणि पुढचे सारे प्रयोग त्या नकलेवर करावेत. जें वर लिहिलें गेलें तें गेलें; बाकीचें बहुतेक हातीं लागतें. नव्या डिस्कची किंमत आणि आंतल्या मजकुराची किंमत यांची तुलना ज्यानें त्यानें करावी. दुरुस्तीच्या दुकानांत ‘सगळें पुसून नव्यानें घालूं’ असें जें चटकन् सांगितलें जातें, त्यांत ही दुसरी किंमत धरलेली नसते.

ज्यांच्यावर हा प्रसंग अजून यावयाचा आहे, त्यांच्यासाठीं पूर्वतयारी थोडी आहे. एस-एफ-डिस्क या आज्ञेनें वांटणीचा सारा तक्ता आठदहा ओळींच्या साध्या मजकुरांत बाहेर काढतां येतो. तो दुसऱ्या एखाद्या कांडीवर ठेवावा, आणि माझें ऐकाल तर वहींतही उतरवून घ्यावा. आकडे फार नसतात. आणि आकसतांना मापाचा वाद मुळांतच मिटवावा: पार्टिशन शंभराचें करावयाचें असेल तर फाइल-व्यवस्था आधीं नव्वदावर आणावी, मग तक्त्यांत शंभर लिहावें, आणि शेवटीं रिसाइझ-टू-एफ-एसला आकडा न सांगतां हद्दीपर्यंत पसरावयास सांगावें. मोठ्या मापाचे नव्वद लहान मापाच्या शंभरांत आरामांत मावतात. दहा मिनिटें जास्त लागतील.

अडलेल्या यंत्राची हद्द पूर्ववत् केल्यावरही लगेच कळ दाबूं नये. तपासणीची आज्ञा आधीं कांहींही न लिहिण्याच्या अटीवर चालवावी. तिला ‘एन’ हें अक्षर जोडलें म्हणजे ती फक्त पाहते आणि सांगते. आकारांचा मेळ बसला असेल तर तो मघांचा प्रश्न ती पुन्हां विचारीत नाहीं. मग पार्टिशन केवळ वाचनापुरतें उघडावें, तीं छायाचित्रें, तो प्रबंध, त्या आठवणी दुसरीकडे उतरवून घ्याव्या, आणि त्यानंतर कांडी काढून संगणक पुन्हां सुरू करावा.